नमाज न मोडता

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून चौकची बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात. उत्तन आलं की मासळीचा वास आणि खारा वारा बसमध्ये शिरतो. पुढे चौक. इथे वसईची खाडी समुद्राला मिळते आणि पाण्यापलीकडे वसईचा किल्ला आहे. त्या किल्ल्यावर नजर ठेवणारा धारावीचा किल्ला याच चौकच्या टेकडीवर होता. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजांनी आधी धारावी घेतली आणि मग वसईभोवतीचा फास आवळला. आज या पट्ट्यात कोळ्यांच्या घरांवर क्रूस दिसतात, बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि समुद्राच्या कडेला बालेपीर शाह यांचा दर्गा आहे.

या दर्ग्याच्या बांधकामाचा वाद २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो जमिनीचा आणि परवानगीचा प्रश्न आहे, त्यात मला इथे शिरायचं नाही. माझ्या मनात आहे तो यापेक्षा फार जुना प्रश्न, आणि तो मुसलमानच मुसलमानांना विचारत आले आहेत. पिराच्या कबरीवर चादर चढवणं, त्याच्याकडे मन्नत मागणं, हे इस्लामला धरून आहे का? बरेलवी परंपरेतला माणूस म्हणेल, आम्ही पिराची पूजा करत नाही. अल्लाहच्या लाडक्या बंद्याकडून त्याच्याकडे रदबदली मागतो. अहले हदीस पंथाचा माणूस म्हणेल, मागायचं ते थेट अल्लाहकडे, मध्ये कोणी नको. देवबंदी आलिम कबरीला भेट द्यायला हरकत घेणार नाही, पण तिथल्या बऱ्याच प्रथांना घेईल. देव एकच आहे याबद्दल तिघांच्याही मनात तिळमात्र शंका नाही, आणि तरीही तिघं एकमेकांना चुकीचं ठरवतात.

‘इस्लाममध्ये प्रश्न विचारायला जागाच नाही’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. ‘इस्लाममध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच दिलेली आहेत’ हे त्याचं जुळं वाक्य, तेही तितक्याच सहज येतं. दोन्हींमुळे विषय बंद होतो. खरा इतिहास या दोन्हींपेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा एक मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

कोळंबी हलाल की नाही?

सुरुवात उत्तनच्या टोपलीपासून करू. बोंबील हा मासा आहे, त्यामुळे सुन्नी मुसलमानांत त्याबद्दल वाद नाही. कोळंबीबद्दल आहे. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, म्हणजे इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांच्या परंपरेतला धर्मकायदा पाळणारे. या परंपरेत समुद्रातल्या जीवांपैकी फक्त मासा खायला परवानगी आहे. मग कोळंबी मासा आहे का? जुन्या अरबी कोशकारांनी तिला माशांत धरलं, म्हणून बरेच हनफी ती बिनदिक्कत खातात. काहींना हे पटत नाही. २०१८ च्या सुरुवातीला हैदराबादच्या जामिया निजामियाने कोळंबी टाळावी असा फतवा दिला, तेव्हा इतर आलिमांनी त्याला लगेच विरोध केला.

कोकणी मुसलमानाला मात्र ही अडचण नाही. रत्नागिरी, रायगडपासून ठाणे, कल्याण, भिवंडीपर्यंत पसरलेला हा समाज शाफई आहे. अरबी समुद्राच्या व्यापारातून तो या किनाऱ्यावर आला आणि इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांची परंपरा सोबत घेऊन आला. शाफई मतानुसार कोळंबी निर्विवाद हलाल. दुपारनंतरच्या असरच्या नमाजाची वेळ शाफईंकडे लवकर होते, हनफींकडे उशिरा. नमाजात हात कितीदा उचलायचे, ‘आमीन’ मोठ्याने म्हणायचं की मनात, यातही फरक. मीरा रोडच्या एकाच इमारतीत कोकणी आणि उत्तर भारतीय मुस्लिम कुटुंबं शेजारी राहतात, दोघांची असर वेगळ्या वेळी होते आणि दोघं एकमेकांना पक्के मुसलमान मानतात.

हे फरक वरवरचे वाटतील, पण त्यांच्या मुळाशी एक मोठा विचार आहे. ईश्वराचा शब्द अचूक आहे. तो समजून घेणारा माणूस चुकू शकतो. कुराण आणि पैगंबरांची वचनं यांतून नियम काढण्याच्या बौद्धिक खटाटोपाला ‘इज्तिहाद’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी कष्टाचा, झटण्याचा अर्थ आहे. निवाडा करणारा प्रामाणिकपणे झटला आणि बरोबर निघाला तर त्याला दुप्पट पुण्य, चुकला तरी एकपट पुण्य, अशा आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, प्रसिद्ध आहे. चुकीलाही पुण्य लाभतं, कारण मोल झटण्याचं आहे.

इमाम शाफईंचं स्वतःचं आयुष्य याचा दाखला आहे. इराकमध्ये असताना त्यांनी दिलेली कित्येक मतं इजिप्तला गेल्यावर त्यांनी बदलली. त्यांच्या परंपरेत आजही ‘जुनं मत’ आणि ‘नवं मत’ असे दोन भाग शिकवले जातात. ज्याच्या नावाने पंथ चालतो त्या माणसाने स्वतःचे निर्णय मागे घेतले, आणि अनुयायांनी ते लपवून न ठेवता अभ्यासक्रमातच घातलं.

आपला किनाराही या बौद्धिक परंपरेत मागे नव्हता. माहीमचा दर्गा ज्यांचा, ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) म्हणजे केवळ नवसाला पावणारे पीर नव्हेत. ते शाफई विद्वान होते, त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं आणि ज्याच्यावर अनेक कर्मठ आलिम तुटून पडत त्या इब्न अरबीच्या सूफी विचाराचा त्यांनी पुरस्कार केला. माहीमच्या जत्रेत गर्दी करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

कथन करणाऱ्याची झडती

चिकित्सेचा आणखी कडक नमुना हदीसच्या शास्त्रात सापडतो. पैगंबरांच्या मृत्यूनंतर (६३२) त्यांच्या नावावर हजारो वचनं फिरू लागली. काही खरी, काही ऐकीव, काही राजकीय सोयीसाठी रचलेली. तेव्हा विद्वानांनी नियम केला, की वचन सांगणाऱ्याने ते कोणाकडून ऐकलं याची साखळी सांगितली पाहिजे. मग साखळीतल्या प्रत्येक माणसाची झडती सुरू झाली. तो कधी जन्मला, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला खरंच भेटला होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खोटं बोलत असे का? अशा माणसांच्या चरित्रांचे जाडजूड कोश तयार झाले. मोठ्या धार्मिक माणसालाही ‘साधू खरा, पण स्मरणशक्ती कच्ची’ असा शेरा मिळे आणि त्याचं कथन बाजूला ठेवलं जाई. इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी प्रचंड साहित्यातून पारखून पुनरावृत्तीसह सुमारे सात हजार वचनं आपल्या संग्रहात घेतली. हे करणारी माणसं अत्यंत श्रद्धाळू होती. पैगंबरांवरच्या प्रेमापोटीच त्यांना त्यांच्या नावावरचं खोटं सहन होत नव्हतं.

कुंपण कुठे होतं?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग अडचण काय? अडचण होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट, हे मतभेद फांद्यांचे होते. खोडाला हात लावायची मुभा नव्हती. नमाजाची वेळ, आहार, करार, वारसा यांवर हवा तितका वाद चाले. पण धर्म सोडणाऱ्याला अभिजात धर्मकायद्याच्या बहुतेक परंपरांनी मृत्युदंड सांगितला होता. आज अनेक मुस्लिम विद्वान तो कुराणाला धरून नाही असं म्हणतात. त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे, तरी इतिहासातला नियम त्याने पुसला जात नाही.

दुसरी गोष्ट, वाद घालायचा तो आलिमांनी. सामान्य माणसाने आपल्या इमामाचं अनुसरण करायचं. त्याला ‘तक्लीद’ म्हणतात. शतकं गेली तशी तक्लीद घट्ट झाली आणि इज्तिहाद पातळ. ज्यांच्या आयुष्यावर नियमांचा भार सर्वात जास्त, त्या स्त्रियांचा आवाज या चर्चेत जवळपास नव्हता.

तिसरी गोष्ट सत्तेची. ८३३ मध्ये बगदादचा खलिफा मामून याने एक सक्ती आणली. कुराण हे निर्माण झालेलं आहे, अनादि नाही, असं सर्व आलिमांनी कबूल करावं असा त्याचा हुकूम होता. मामून हा बुद्धिवादी मुताझिला पंथाचा पुरस्कर्ता. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना तुरुंगात टाकलं गेलं आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले गेले. यातून निघालेला धडा आजही उपयोगी आहे. इथे चाबूक बुद्धिवाद्यांच्या हातात होता आणि पाठ परंपरावाद्याची होती. त्या जबरदस्तीने बुद्धिवादाचं भलं झालं नाही, तो बदनाम झाला. विचार कितीही चांगला असो, तो सरकारी चाबकाबरोबर आला की लोक चाबूक लक्षात ठेवतात.

श्रद्धावान माणसाला संशय येतच नाही, असंही नव्हे. बगदादच्या मदरशात मोठ्या मानाच्या जागेवर असलेले गजाली (१०५८–११११) ऐन भरात अशा संशयाने ग्रासले गेले, की त्यांना शिकवणं अशक्य झालं. त्यांनी पद सोडलं, वर्षानुवर्षं भटकले आणि पुढे तो अनुभव प्रांजळपणे लिहून काढला. त्यांनीच तत्त्वज्ञांवर कडाडून टीका केली. त्या टीकेला कॉर्दोव्हाच्या इब्न रुश्द (११२६–११९८) यांनी ग्रंथानेच उत्तर दिलं.

मिरजोळीचा माणूस

आता महाराष्ट्रातला अध्याय. चिपळूणजवळच्या मिरजोळीत २९ सप्टेंबर १९३२ रोजी हमीद दलवाई यांचा जन्म झाला. घर कोकणी मुसलमानाचं, भाषा मराठी, संस्कार राष्ट्र सेवा दलाचे. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी लिहिणारा हा ललित लेखक पत्रकारितेत आला आणि मग आपल्याच समाजाला एक अवघड प्रश्न विचारू लागला. हिंदू समाजाला फुले, आगरकर, आंबेडकर यांनी आतून हलवलं, तसं आपल्याला कोण हलवणार?

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा गेला. मोर्चात मुस्लिम स्त्रिया होत्या फक्त सात. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व आणि हलाला (तलाकनंतर त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न करण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याची अट) बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लागू करा, अशी त्यांची मागणी होती. त्या सातांत दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. सात हा आकडा ऐकून तेव्हा अनेकांना हसू आलं असेल. पण तलाकचा प्रश्न त्या दिवशी आलिमांच्या पुस्तकातून रस्त्यावर आला, आणि ज्यांच्यावर तो गुदरतो त्यांच्या तोंडून आला.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नाव जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजावरून घेतलेलं. सभा उधळल्या गेल्या, बहिष्काराच्या धमक्या आल्या, हल्ले झाले. मूत्रपिंडाच्या आजाराने ३ मे १९७७ रोजी ते गेले तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता दहन झालं. मेहरुन्निसा यांनी पुढे चार दशकं हे काम सोडलं नाही. त्यांचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन मराठीतल्या महत्त्वाच्या स्त्री-आत्मचरित्रांपैकी एक आहे. पुण्यातले सय्यदभाई तर या चळवळीत आले ते बहिणीच्या वाट्याला आलेल्या तोंडी तलाकमुळे. १९६६ च्या मोर्चानंतर अर्धशतक उलटून गेल्यावर, २०२० मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दलवाईंबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. म्हणूनच त्यांच्यावरचे आक्षेपही नीट मांडायला हवेत. ते धर्माच्या बाहेर उभे राहून बोलत होते. कुराणात काय आहे यापेक्षा आधुनिक, धर्मनिरपेक्ष नागरिक कसा घडेल हा त्यांचा मुद्दा होता. साहजिकच सश्रद्ध मुसलमानाला वाटलं, हा माणूस फांदी छाटायला आलेला नाही, खोडावर घाव घालतो आहे. दुसरीकडे, मुसलमानांवर राग असलेल्यांनी त्यांची वाक्यं निवडून वापरली आणि हिंदू जातीयतेवर त्यांनी केलेली टीका सोयीने गाळली.

त्यांच्याच काळात दुसरी वाट चालणारे होते आसफ अली असगर फैजी. १८९९ मध्ये माथेरानला जन्मलेले हे सुलेमानी बोहरा कायदेपंडित मुस्लिम कायद्यावरच्या त्यांच्या ग्रंथामुळे न्यायालयांत आजही आधार मानले जातात. फैजी श्रद्धावान होते. धर्माचं सार टिकतं, कायदा काळाबरोबर बदलतो, दोन्हींची गल्लत करू नये, असं त्यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. दलवाई बाहेरून दार ठोठावत होते, फैजी आतून कडी काढू पाहत होते. मला दोघंही हवेत. बाहेरचा आवाज नसता तर आतल्यांना घाई वाटली नसती. आतला हात नसता तर दार कधी उघडलं नसतं.

तलाकच्या बाबतीत नेमकं हेच झालं. एका दमात दिलेल्या तीन तलाकांना खुद्द हनफी कायदा पाप म्हणतो, तरी तलाक झाला असं मानतो. शिया ते मानत नाहीत. चौदाव्या शतकातले इब्न तैमिया, आणि आज अहले हदीस, तीन उच्चारांना एकच धरतात. इजिप्तने १९२९ मध्येच तसा कायदा केला. परंपरेच्या कपाटात उत्तर होतं, ते काढून कुणी टेबलावर ठेवत नव्हतं. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने ते ठेवलं. तलाक दिला असं नुसतं सांगून चालणार नाही, सबळ कारण आणि दोन्ही घरच्यांमार्फत समेटाचा प्रयत्न झाल्याचं सिद्ध करा, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्यासाठी कुराणाचाच आधार घेतला. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द ठरवला. सातजणींच्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षं झाली होती.

मुंबईतल्या हाजी अली दर्ग्याचंही तसंच. मजारीच्या आतल्या भागात बायकांना बंदी घातली गेली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या न्यायालयात गेल्या. आमचा धर्म आम्हाला अडवत नाही, अडवणारे तुम्ही आहात, असा त्यांचा रोख होता. २६ ऑगस्ट २०१६ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २९ नोव्हेंबरला त्या आत गेल्या. त्यांनी श्रद्धा सोडली नव्हती. श्रद्धेच्या बळावरच त्या भांडल्या होत्या.

कान का बंद होतात?

माणूस टीका ऐकत नाही याचं कारण दरवेळी त्याच्या धर्मग्रंथात नसतं. ते त्याच्या परिस्थितीत शोधावं लागतं. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मीरा रोडच्या नया नगरमध्ये राहायला आली. ज्याने घर जळताना पाहिलं त्याला ‘तुमच्या समाजात सुधारणा हवी’ हे वाक्य सुधारणेचं वाटत नाही, धमकीचं वाटतं. भेदरलेला समाज आपल्यातल्या प्रश्न विचारणाऱ्याला फितूर ठरवतो आणि सर्वात कर्मठ माणसाच्या हाती किल्ल्या देतो. शहाबानोंच्या पोटगीचा १९८५ चा निकाल आणि त्यावर १९८६ मध्ये आलेला कायदा या काळात हेच घडलं. पोटगी मागणाऱ्या वृद्धेचा प्रश्न बाजूला पडला आणि ‘शरियत खतरे में’ ही घोषणा उरली.

याचा अर्थ बाहेरच्याने गप्प बसावं असा नाही. पण विनोबा भावे यांच्याकडून काही शिकण्यासारखं आहे. रायगडमधल्या गागोद्याच्या या माणसाने कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकली, वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६२ मध्ये कुराणाचं सार संकलित करून दिलं. आधी ऐकलं, मग बोलले. मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द वैद्याच्याही कामाला लावतात. वैद्य रोग्याची नाडी पाहतो ती तो बरा व्हावा म्हणून. रोगी मरावा अशी इच्छा मनात धरून नाडी पाहणाऱ्याला वैद्य कोण म्हणेल?

आणि आतल्यांनाही एक सांगावंसं वाटतं. बाहेरचा हेतू वाईट आहे म्हणून आतल्या बाईचं दुःख खोटं ठरत नाही. शत्रूने दाखवलेली भेगसुद्धा भेगच असते.

किब्ला

चौकच्या टेकडीवर उभं राहिलं की समोर पश्चिम. समुद्रापलीकडे, किंचित उत्तरेकडे झुकून, मक्का. इथल्या माणसाला किब्ला, म्हणजे मक्केतल्या काबेची, नमाजाची दिशा, शोधावी लागत नाही. पण इमाम शाफईंनी इज्तिहाद समजावताना अनोळखी मुलखातल्या माणसाचं उदाहरण घेतलं. काबा दिसत नाही. चांदण्या, सूर्य, वारा, डोंगर पाहून तो दिशेचा अंदाज बांधतो आणि नमाज पढतो. काबा आहे याबद्दल त्याला शंका नाही. आपल्या अंदाजाबद्दल मात्र त्याने नम्र असायला हवं.

इस्लामच्या आरंभीची एक घटना शाफईंनी याच संदर्भात सांगितली आहे. मुसलमान आधी जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. ६२४ च्या सुमारास काबेकडे वळण्याचा आदेश आला. मदिनेजवळच्या कुबा इथे लोक फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढत होते, तोंडं जेरुसलेमकडे होती. एक माणूस आला आणि त्याने बातमी सांगितली. त्यांनी नमाज मोडली नाही. सांगणाऱ्याला हाकलून दिलं नाही. अख्खी रांग उभ्या जागी वळली आणि नमाज पुढे चालू राहिली.

१९६६ मध्ये विधिमंडळाकडे निघालेल्या त्या सातजणीही अशीच बातमी घेऊन आल्या होत्या.